ओळ सतरावी

तळेगावच्या पुढे, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून,
प्लास्टिकच्या छताखाली बारा महिने एकच ऋतू असतो.
तिथे मी कोळी मोजते.
गळ्यात भिंग, हातात वही.
दर ओळीत पाच झाडं, दर झाडाची तीन पानं,
आणि पान उलटं करून त्याची पाठ.
गुलाबाचं दुखणं आधी पाठीवर दिसतं.

जानेवारी सरत आलेला.
सतराव्या ओळीत पानांवर फिकट टिपके,
सुईनं टोचून ठेवल्यासारखे,
आणि खाली जाळं, इतकं विरळ
की माझा श्वास लागून हललं तेव्हा दिसलं.
लाल कोळी.
मी लिहिलं: ओळ १७, पानामागे २२.

हौसाबाई ठाकर कात्री चालवत मागून आली.
सकाळपासून हजारेक दांडे झाले असतील.
कनवटीला बामची हिरवी डबी,
दर तासाला मनगटावर एक बोट.
"ताई, तुमी बाम लावलाय?"
"नाही."
"मग ह्या ओळीला कुणाचा वास येतुया?"

मी वाकले. मला काहीच आलं नाही.
तिच्याच मनगटाचा असेल.
तरी सांगितलं तिला, शिवाजीनगरच्या कॉलेजात
गळक्या प्रयोगशाळेत जे शिकले होते ते:
की कुरतडलेलं पान तोच अर्क तयार करतं
जो तुझ्या डबीत आहे,
आणि हवेवर सोडून देतं.
शेजारचं झाड तो हुंगून
आपला रस कडू करायला घेतं.
आणि कुठून तरी निघतो दुसरा कोळी,
नारिंगी, थेंबाएवढासुद्धा नाही,
त्या वासामागं चालत,
पहिल्याला खायला.
त्याला डोळे नसतात.

"म्हंजी झाड बोंब मारतंय," हौसा म्हणाली.
"हो."
"आन् आपुन?"
मी वहीचं पान उलटलं.

गुरुवारी फवारा असतो.
दहाच्या वर आकडा गेला की पंप त्या ओळीला वळतो,
मग ज्यानं हाक मारली तो, जो येत होता तो,
सगळेच गप्प.

या गुलाबांना निवडत आणलंय कुणीतरी,
लांब दांड्यासाठी, जाड कळीसाठी,
काटे कमी, म्हणजे पॅकिंगला बरे.
हाक किती लांब जाते
हे निवडताना कुणी बघितलं नसणार.
हौसाच्या खोपटामागं बांधावर शेवंती आहे,
पानं लवदार, चुरगळली की नाकात चढणारी.
मावा तिच्यावर चढतो आणि लवेत पाय अडकून बसतो.
तिला कुणी विकत घेत नाही,
म्हणून तिला अजून तिचं सगळं येतं.

बुधवारी रात्री मी वही घरी नेली.
बावीस लिहायला दोनदा दोन लागतात.
एक खोडला.

सोमवारी भिंगाखाली नऊ.
आणि त्यांच्यात दोन नारिंगी ठिपके, घाईत,
बहुतेक कुंपणाबाहेरच्या एरंडावरून आलेले.
मी श्वास धरून बघत राहिले.
पण टिपके पडायचे ते पडलेच होते.
सतराव्या ओळीचा माल विमानाला चढला नाही,
गुलटेकडीला गेला, पडेल भावात.

केंजळे साहेबांनी वही उजेडाला धरली.
खोडलेल्या जागी कागद पातळ झाला होता.
"हे काय, मॅडम?"
झाडाच्या बाजूनं बोलायला
माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं जे त्यांच्या फॉर्मात बसेल.
चार दिवसांचा पगार गेला.

संध्याकाळी टमटममध्ये, सोमाटण्याच्या अलीकडे,
हौसानं डबी उघडली
आणि न विचारता माझ्या मनगटाला बोट लावलं.
थंड, मग जाळणारं.
"ऱ्हाऊ द्या हात भाईर," ती म्हणाली.
"बघू तरी, कोण येतंय."